हे खरे आहे काय? : महाड-पोलादपूरच्या लोकप्रतिनिधीचा आठवडा

निवडून गेलेल्या माणसाच्या कामाचे मोजमाप दोन ठिकाणी दोन वेगळ्या मापांनी होते, आणि रायगड जिल्ह्याच्या आतल्या, सह्याद्रीला भिडलेल्या बाजूच्या महाड व पोलादपूर तालुक्यांत त्या दोन मापांमधली तफावत चटकन नजरेत भरते. राज्यघटनेच्या दृष्टीने आमदार किंवा खासदार हा कायदे करणारा, अर्थसंकल्पाला मान्यता देणारा आणि सरकारला जाब विचारणारा सभासद असतो. वाडीवरच्या मतदाराच्या दृष्टीने मात्र तो आधी 'येणारा' किंवा 'न येणारा' माणूस असतो. 'निवडून आल्यापासून इकडे फिरकले नाहीत' हे या मुलखातले सर्वांत जड दूषण होय. सभागृहात किती प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर काय भूमिका घेतली, याची चौकशी वाडीवर सहसा कोणी करीत नाही. या दोन मापांच्या मध्ये तिसरे, फारसे न दिसणारे क्षेत्र आहे, ते तहसील कचेरी, पंचायत समिती, बांधकाम विभाग आणि मंत्रालय यांच्या दरम्यान फिरणाऱ्या कागदांचे. लोकप्रतिनिधीची खरी ताकद किंवा उणीव कळायची असेल तर भाषणांपेक्षा आणि भेटींपेक्षा या कागदांच्या मागे जाणे अधिक उपयोगाचे ठरते.

वाडी, कोंड आणि फिरकणे

महाड विधानसभा मतदारसंघात महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके व माणगाव तालुक्याचा काही भाग येतो. भरत गोगावले हे २००९ पासून सलग चार निवडणुका जिंकून या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करीत आहेत आणि डिसेंबर २०२४ मध्ये रोजगार हमी, फलोत्पादन व खारभूमी विकास या खात्यांचे मंत्री झाले. हाच मुलूख लोकसभेच्या रायगड मतदारसंघात मोडतो. पेणपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरपर्यंत पसरलेल्या या मतदारसंघाचे खासदार २०१९ पासून सुनील तटकरे आहेत. नकाशावर महाड आणि पोलादपूर यांच्यात वीसेक किलोमीटरचेच अंतर दिसते. परंतु येथील गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. गावाच्या अनेक वाड्या असतात, काही वस्त्यांना कोंड म्हणतात, आणि एकाच ग्रामपंचायतीची एक वाडी दरीच्या अल्याड तर दुसरी पल्याड असते. समोर दिसणाऱ्या घरापर्यंत पोहोचण्यासाठी खाली उतरून, पऱ्ह्या म्हणजे डोंगरी ओढा ओलांडून पुन्हा चढावे लागते, किंवा मोटारीने मोठा वळसा घालावा लागतो. त्यामुळे देशावरच्या आमदाराला एका दिवसात जेवढी गावे करता येतात, त्यांच्या निम्म्याही वाड्या येथे होत नाहीत.

या फिरतीला ऋतूंचे गणित असते. शिमग्यात पालख्या घरोघर फिरतात तेव्हा पालखीला खांदा लावणे जवळजवळ अनिवार्य मानले जाते. महाशिवरात्रीला महाडच्या वीरेश्वराचा छबिना, उन्हाळ्यात वाडीवाडीच्या पूजा आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा, लग्ने, आणि बारमाही दहावे-बारावे. शहरी टीकाकार या सगळ्याला 'नारळ फोडण्याचे राजकारण' म्हणून मोडीत काढतात, ते काहीसे उथळ आहे. पूजेच्या मांडवात लोकप्रतिनिधी बसला की अर्ध्या तासात त्याच्या स्वीय सहायकाच्या हाती अर्जांची चळत जमते: विहिरीवरचा पंप जळाला आहे, शाळेचे छप्पर गळते, रुग्णालयात नेलेल्या रुग्णाचे बिल भरायचे आहे, एस.टी.ची वस्तीची गाडी बंद झाली आहे. ज्या वाडीवर तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आठवड्यातून एकदा येतो, तेथे पूजेचा मांडव हीच कचेरी ठरते. एप्रिल-मे महिन्यांत या अर्जांतला मोठा भाग पाण्याचा असतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या पोलादपूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकर लागतात, कारण उतार तीव्र, खडक घट्ट आणि पाणी अडवण्याच्या जागा थोड्या. पडलेले पाणी सावित्रीच्या वाटेने खाडीला मिळून जाते.

मुंबईत भरणारे गाव

अधिवेशनासाठी मुंबईस गेलेला आमदार मतदारसंघाबाहेर गेला, असे समजणे येथे चुकीचे ठरते. गिरणगावाच्या काळापासून या दोन तालुक्यांतील पुरुष मुंबईत नोकरीस राहिले. त्यांना चाकरमानी म्हणतात. लालबाग-परळच्या चाळींत एकेका गावाची सामाईक खोली असे, तिला गावकीची खोली म्हणत. गावकी म्हणजे गावाच्या सामूहिक निर्णयाची जुनी व्यवस्था, आणि तिची मुंबईतील शाखा म्हणजे ग्रामस्थ मंडळ. गिरण्या गेल्या, चाकरमानी ठाणे, नालासोपारा, दिवा अशा उपनगरांत पांगले, तरी मंडळे टिकून राहिली. गावातले देऊळ किती मोठे बांधायचे, रस्ता कोणाच्या जमिनीतून न्यायचा, मतदान कोणाला करायचे, यांवर गावात जितकी चर्चा होते तितकीच मुंबईतल्या रविवारच्या बैठकीत होते, आणि पैसा मुंबईचा असल्यामुळे पुष्कळदा अखेरचा शब्दही मुंबईचाच असतो. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर दक्षिणेकडे धावणाऱ्या गाड्या या व्यवस्थेचा सर्वांत दृश्य पुरावा देतात.

म्हणून अधिवेशनाच्या आठवड्यात दिवसा विधानभवन आणि संध्याकाळी एखाद्या मंडळाचे हळदीकुंकू किंवा वर्धापनदिन, असा क्रम लागतो. आमदार निवासात भेटीस येणारी माणसेही पुष्कळदा वाडीवरून आलेली नसतात, तर वाडीच्या वतीने डोंबिवलीहून आलेली असतात.

प्रश्नाचा प्रवास

विधिमंडळाच्या आयुधांपैकी, म्हणजे सदस्याला उपलब्ध असलेल्या संसदीय साधनांपैकी, वाडीशी सर्वांत जवळचे नाते तारांकित प्रश्नाचे आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यावे अशी अपेक्षा असते, त्यावर तारांकन म्हणजे फुली केली जाते. त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नाची भाषा ठरलेली असते. अमुक गावच्या नळपाणी योजनेचे काम अपूर्ण आहे, 'हे खरे आहे काय'. असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास विलंबाची कारणे काय? उत्तरांचाही साचा तसाच पक्का असतो: 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', आणि सर्वांत वाकबगार, 'प्रश्न उद्भवत नाही'.

परंतु प्रश्नाचे सामर्थ्य त्याच्या उत्तरात क्वचितच असते. अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी दिलेली सूचना विधिमंडळ सचिवालयातून मंत्रालयाच्या संबंधित विभागात जाते, कक्ष अधिकारी ती जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा परिषदेकडे अलिबागला पाठवतो, तेथून ती प्रांताकडे, तहसीलदाराकडे किंवा गटविकास अधिकाऱ्याकडे येते, आणि शेवटी ज्या वाडीची योजना रखडली आहे त्या वाडीच्या ग्रामसेवकाला फोन जातो. 'तारांकित लागलाय' एवढे दोन शब्द तालुक्याच्या कचेरीत पुरेसे असतात. वर्षभर न सापडलेली नस्ती दोन तासांत सापडते, कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन छायाचित्रे काढतो, ठेकेदाराला बोलावणे जाते, आणि पुष्कळदा उत्तर छापून येईपर्यंत काम सुरू झालेले असते, म्हणजे 'हे खरे नाही' असे लिहिण्याची सोय होते. प्रश्नोत्तराच्या एका तासात यादीतील थोड्याच प्रश्नांना तोंडी उत्तर मिळते. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. सभागृहात न बोलला गेलेला प्रश्नही त्यामुळे वाडीवर आपले काम करून गेलेला असू शकतो. लक्षवेधी सूचना हे त्याच जातीचे, पण तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या विषयासाठीचे साधन आहे. तीत मंत्र्याला निवेदन करावे लागते.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. मतदारसंघाला मंत्रिपद मिळाले की फटाके वाजतात. मात्र मंत्री सरकारचाच भाग असल्यामुळे तो सरकारला प्रश्न विचारीत नाही. डिसेंबर २०२४ पासून महाडला मंत्रिमंडळात जागा मिळाली आणि त्याच दिवशी महाडच्या आमदाराचे हे आयुध म्यान झाले. आता महाडच्या योजनेवर तारांकित विचारायचा तर तो दुसऱ्या मतदारसंघाच्या आमदाराने किंवा विधान परिषदेच्या सदस्याने विचारायचा. मंत्र्याचा एक फोन शंभर प्रश्नांच्या बरोबरीचा असतो, असा युक्तिवाद यावर केला जातो, आणि तो खोटा नाही. फरक इतकाच की फोनची नोंद कोठे छापली जात नाही.

मिळालेली खाती मात्र या मुलखाशी विलक्षण जुळणारी आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आणि १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेशी १९९० मध्ये फळबाग लागवड जोडली गेली, आणि कोकणातल्या वरकस म्हणजे हलक्या, भात न पिकणाऱ्या उताराच्या जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. खारभूमी म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून अडवून शेतीखाली आणलेली खाडीकाठची जमीन. सावित्रीच्या काठाने ती महाड तालुक्याच्या पश्चिम भागात आहे आणि बांध फुटला की पुढची काही पिके मिठाने जातात.

एका पुराचे चार धनी

लोकप्रतिनिधीच्या अधिकाराच्या मर्यादा जाणून घ्यायच्या तर महाडचा पूर हे उत्तम उदाहरण आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते, तेथे काळ आणि गांधारी तिला मिळतात, आणि समुद्राची भरती खाडीतून वर चढत असताना डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस झाला की पाण्याला जायला जागा उरत नाही. नदीपात्रात साचलेला गाळ आणि बेटे काढा, दासगावजवळच्या कोकण रेल्वेच्या भरावामुळे होणारा अडसर दूर करा, या शहरवासीयांच्या जुन्या मागण्या आहेत. आता या एकाच पाण्याचे मालक पाहावेत: गाळ राज्याच्या अखत्यारीत, रेल्वेचा भराव केंद्राच्या, खाडीचे बांध खारभूमी खात्याच्या आणि शहरातली गटारे नगरपरिषदेच्या. आमदाराने गाळासाठी निधी आणला तरी भरावाचा विषय खासदाराने दिल्लीत रेल्वे मंत्रालयाकडे नेल्याखेरीज पुढे सरकत नाही, आणि दोघांनीही आपापले काम केले तरी बाजारपेठेतल्या व्यापाऱ्याला जुलै महिन्यात माल माळ्यावर चढवावाच लागतो. लोकसभेत खासदाराला यासाठी शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतरचा तातडीचे विषय थोडक्यात मांडण्याचा वेळ, आणि नियम ३७७ खालील निवेदन ही साधने असतात. महामार्ग, कोकण रेल्वेच्या वीर स्थानकावरचे गाड्यांचे थांबे आणि मोबाइलचे मनोरे हे विषय याच वाटेने जातात.

संकट मात्र अधिवेशनाचे वेळापत्रक पाहून येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळून दोन एस.टी. गाड्या आणि एक खासगी वाहन प्रवाशांसह वाहून गेले, तेव्हा विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन सुरू होते. दुसऱ्याच दिवशी विषय सभागृहात आला, आणि नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. उलट २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले, महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा करोनाच्या कारणाने अवघ्या दोन दिवसांचे झालेले पावसाळी अधिवेशन दोन आठवड्यांपूर्वीच उरकले होते. पुलाला सभागृह मिळाले, तळियेला मंत्र्यांचे दौरे मिळाले. पूल एक होता आणि जागा सरकारची होती, पुनर्वसनाला मात्र नवी जमीन, सातबारा, वारस नोंदी आणि घरांचे वाटप लागते, त्यामुळे दोन्ही कामांच्या वेगाची तुलना सरळ करता येत नाही, हे खरे. तरीही ज्यांनी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथील दरडी पाहिल्या होत्या त्यांना सोळा वर्षांनी तेच पंचनामे पुन्हा पाहावे लागले.

पंचवीस पंधरा

आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपये सुचवता येतात, खासदारालाही पाच कोटी. पण आमदाराला एक विधानसभा मतदारसंघ आणि खासदाराला तसे सहा सांभाळायचे असतात. याहून मोठी रक्कम लेखाशीर्षांतून येते. लेखाशीर्ष म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाचा क्रमांकित कप्पा. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावातील मूलभूत सुविधांचे शीर्ष २५१५ आहे, आणि कार्यकर्त्यांच्या तोंडी ते 'पंचवीस पंधरा' म्हणून रुळले आहे. जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्त्यांची 'तीस चोपन्न' व 'पन्नास चोपन्न' ही तशीच. या पैशातून जे उभे राहते त्याची नावेही कोकणाची आहेत: पाखाडी म्हणजे चढावरची बांधीव पायवाट, साकव म्हणजे पऱ्ह्यावरचा छोटा पूल, शिवाय दरडीच्या पायथ्याची संरक्षक भिंत, स्मशानशेड, सभामंडप. मंजुरीचे पत्र, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असा कामाचा क्रम असतो, आणि भूमिपूजन यांपैकी कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते, कधी दोन पक्षांकडून दोनदा.

या यंत्रणेवरचा भार अलीकडच्या काळात वाढला, याचे एक कारण सहसा सांगितले जात नाही. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षे तेथे प्रशासक राहिले. गटाचा सदस्य, गणाचा सदस्य, सभापती ही मधली पायरीच नाहीशी झाल्यामुळे पूर्वी तालुक्यातच निकालात निघणारे अर्जही थेट आमदाराच्या दारात जमू लागले. पालकमंत्रिपदाच्या वादाकडेही याच नजरेने पाहता येते. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद आणि त्यामुळे जिल्ह्याच्या वार्षिक निधीची दिशा पालकमंत्र्याच्या हाती असते. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मंत्री आदिती तटकरे यांची रायगडसाठी नियुक्ती होताच महाडला गोगावले समर्थक महामार्गावर उतरले, आणि त्या नियुक्तीला लगोलग स्थगिती मिळाली. बाहेरून मानापमान वाटणाऱ्या या भांडणाच्या तळाशी साकव आणि पाखाड्या होत्या.

चाबूक

महाडच्या आमदाराचे नाव देशाच्या संसदीय इतिहासात मात्र पाखाडीमुळे गेले नाही. प्रतोद या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ जनावरे हाकण्याचा चाबूक. विधिमंडळात प्रतोद म्हणजे मतदानाच्या वेळी पक्षाच्या सदस्यांना हजर ठेवणारा आणि कोणत्या बाजूने मत द्यायचे याचा आदेश, म्हणजे पक्षादेश, बजावणारा सदस्य. १९८५ मध्ये राज्यघटनेला जोडलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेश मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर एकनाथ शिंदे गटाने गोगावले यांना प्रतोद नेमले आणि विधानसभा अध्यक्षांनी त्यांना मान्यता दिली. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही मान्यता बेकायदा ठरवली, कारण प्रतोद नेमण्याचा अधिकार निवडून आलेल्या आमदारांच्या गटाला, म्हणजे विधिमंडळ पक्षाला नसून मूळ राजकीय पक्षाला आहे. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचा निर्णय दिला आणि गोगावले यांची नियुक्ती वैध धरली. पक्षांतरबंदीवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला यापुढे हे प्रकरण चर्चेस घ्यावे लागेल. आणि तरीही त्याच वर्षीच्या निवडणुकीत वाडीवर बोलले गेले ते रस्त्याबद्दल, पाण्याबद्दल आणि कोण फिरकले याबद्दल.

ठराव आणि पाणी

सभागृहातला कागद आणि गावातले पाणी यांच्यातील अंतर महाडइतके जुने व नेमके दुसऱ्या कोणत्या गावात नोंदले गेले असेल, असे वाटत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव संमत झाला: सरकारी व सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री काम पूर्ण झाले, आणि तीन वर्षे त्या तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी प्यायला जाऊ शकला नाही. २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर चालत गेले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळाचे नामनियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली होती, ही गोष्ट या घटनेच्या कथनात बहुधा निसटून जाते. ज्या सभागृहाने ठराव केला होता त्या सभागृहाचा एक नवा सदस्य तो ठराव जागेवर जाऊन तपासत होता. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडले. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले आणि सत्याग्रहाच्या बाजूने उभे ठाकलेले सुरेंद्रनाथ टिपणीस त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत गेले. सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी खोती, म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेल्या खोताची वसुलीची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही आणि खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला.

२० मार्च हा दिवस सहसा अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या काळात येतो. राज्यभरातून आलेली माणसे पहाटेपासून तळ्याकाठी रांगा लावतात, आणि महाडच्या आमदाराला सकाळी तेथे अभिवादनाला उभे राहून दुपारी सभागृहात मागण्यांवरच्या मतदानास हजर व्हायचे असते. मधले अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि ते किती तासांत कापले जाईल हे २०११ पासून चौपदरीकरण चालू असलेल्या महामार्गावर त्या दिवशी माणगाव आणि इंदापूरच्या नाक्यांवर गाड्या किती तुंबल्या आहेत यावर ठरते.